पिंजऱ्याबाहेरचा ताल

पिंजरा म्हटलं की आत कोण आहे ते बघायला तुम्ही लगेच वाकता, हे मला ठाऊक आहे. म्हणून मित्रांनो, आधीच सांगून टाकतो. माझ्यात पोपट नाही, ससा नाही, उंदीरही नाही. आजवर मी कुणाला कोंडलेलं नाही. बाहेरच्यांना आत येऊ द्यायचं नाही, एवढाच माझा धंदा. दारावर बसलेला खडूस रखवालदार असतो ना, त्यातलाच मी एक. तांब्याच्या बारीक जाळीचा, माणसाहून थोडा उंच, डोक्यावर छत आणि पुढच्या बाजूला दार असलेला. माझं सगळं आयुष्य एका प्रयोगशाळेतल्या एका खोलीत गेलं, आणि त्या खोलीत जे झालं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म झाला एका पत्रेवाल्याच्या दुकानात. तो बिचारा पाण्याच्या टाक्या, खिडक्यांच्या जाळ्या आणि कोंबड्यांची खुराडी करायचा. एके दिवशी केस आखूड कापलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या एक बाई त्याच्याकडे माझं चित्र घेऊन आल्या.

"कोंबड्या किती ठेवणार?" त्याने विचारलं.

"एकही नाही."

"मग कुत्रा?"

"काहीच ठेवायचं नाही हो. वीज बाहेर ठेवायची आहे. एकही सांधा सुटा नको, एकाही कोपऱ्यात फट नको."

पत्रेवाल्याने हातातली पक्कड खाली ठेवली आणि बाईंकडे नीट बघितलं. "बाई, तब्येत बरी आहे ना?"

बाई खळखळून हसल्या. मग त्यांनी त्याच्याच बाकड्यावर बसून सगळं समजावून सांगितलं. भिंतीतल्या तारांमधून वीज धावते, तेव्हा ती गप्प धावत नाही. तिची एक न ऐकू येणारी घूं खोलीभर पसरलेली असते. दिवा, पंखा, फ्रीज, लिफ्ट, सगळे तिच्यात आपापली भर घालतात. तुम्हाआम्हाला त्याचा काही त्रास नसतो. पण ज्याला मेंदूतल्या एका पेशीचं बोलणं ऐकायचं आहे, त्याच्यासाठी ही घूं म्हणजे कानाशी वाजणारा भोंगा. चारी बाजूंनी तांब्याची जाळी असली आणि ती जाळी एका जाड तारेने जमिनीला जोडलेली असली, की ती घूं जाळीवरच अडते आणि तारेतून खाली जमिनीत निघून जाते. आत शांतता. पत्रेवाल्याला किती कळलं देव जाणे, पण त्याने माझा एकेक सांधा असा झाळला की बोटाने दाबूनही हलेना. निघताना म्हणाला, "काम मात्र एक नंबर झालंय. कोंबड्या ठेवल्या असत्या तर सुखात राहिल्या असत्या."

बाई भौतिकशास्त्राच्या. मेंदूवर काम करणाऱ्यांमध्ये त्या नव्याच. सुरुवातीला लोक त्यांची टिंगल करत. लोलक आणि लोहचुंबक सोडून ही बाई इथे कशाला कडमडली, असं दाराबाहेर बोललेलं मी स्वतः ऐकलं आहे. बाई चिडत नसत. नव्या विद्यार्थ्यांना त्या सांगत, "पेशीची कातडी म्हणजे इवलीशी बॅटरी समजा. आत एका प्रकारचं मीठ जास्त, बाहेर दुसऱ्या प्रकारचं. कातडीत बारीक बारीक दारं आहेत. दारं उघडली की मीठ धावतं, मीठ धावलं की वीज उसळते. आपण विचार करतो, बोलतो, घाबरतो, ते सगळं या उसळण्यांवर. मग ही मोजायला भौतिकशास्त्रवाला नको तर कोण हवा?"

माझ्या आत एक जड टेबल होतं, टेबलावर सूक्ष्मदर्शक, सूक्ष्मदर्शकाखाली काचेची बशी. बशीत कोमट मिठाचं पाणी, आणि त्यात मेंदूची पातळ चकती. ती चकती यायची समोरच्या इस्पितळातून. ज्यांना फिट येतात आणि औषधाने थांबत नाहीत, त्यांच्या मेंदूतला बिघडलेला भाग डॉक्टर शस्त्रक्रिया करून काढत. त्यातला कणभर तुकडा, रोग्याला आणि घरच्यांना विचारून, आमच्याकडे येई. शरीरातून निघाला तरी तो काही तास जिवंत राहतो बरं का! बाई ज्योतीवर काचेची नळी तापवून केसाहून बारीक सुई ओढत आणि ती सुई एका पेशीला टेकवत. मग स्पीकरमधून आवाज येई. टक्. टक् टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. कुणीतरी लांबच्या खोलीत बोटाने टेबल वाजवावं तसा. पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले होते. मलाही फार आनंद झाला होता. ती शांतता माझी होती ना!

पण त्या चकतीला हात लावण्याआधी बाईंचा एक नेम होता. रोज सकाळी आधी रिकामं पाणी ऐकायचं. बशीत नुसतं मिठाचं पाणी, त्यात सुई, आणि माझं दार लावून सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. स्पीकरमधून एकसारखं बारीक "स्स्स" आलं पाहिजे. दुसरं काहीही आलं, तर ते कुठून येतंय ते सापडेपर्यंत काम बंद. कधी ट्यूबलाइट सापडे, कधी कुणाच्या खिशातला मोबाईल. एकदा तर अर्धा दिवस शोधून शेवटी पलीकडच्या खोलीतली पाणी गरम करायची किटली सापडली, आणि किटलीवाल्याला बाईंनी असं काही सुनावलं की तो पुढे महिनाभर चहाच प्यायला नाही.

या गप्प उभं राहण्याचा सगळ्यात जास्त जाच व्हायचा तो रेडिओला. रेडिओ म्हणजे बाईंचा विद्यार्थी. सतत चालू असायचा, म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणत. हुशार मात्र विलक्षण. गणित तोंडावर, हात चपळ, नवी कल्पना सुचली की जिना चढता चढताच सांगायला सुरुवात. बाई त्याच्यावर रागवत आणि त्याच्यावर जीवही टाकत. "अरे, निदान पाणी तरी ऐकू दे," असं त्या म्हणाल्या की तो तोंडावर हात ठेवून उभा राहायचा आणि डोळ्यांनी बोलायचा.

बाई निवृत्त झाल्या. खोली रेडिओकडे आली. मी म्हटलं, चला, घरातलाच माणूस आहे. पण मित्रांनो, घरातल्या माणसाला घरातल्या वस्तू दिसेनाशा होतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आधी फरशी बदलली. फरशीवाल्याला माझी जमिनीत जाणारी जाड तार आडवी येत होती. त्याने ती खटकन कापली आणि टोक फरशीखाली दडपून टाकलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. मग भिंतींना रंग द्यायचा होता, तर म्हणाले, या जुन्या पिंजऱ्यालाही एक हात मारू. छान पांढरा, चकचकीत रंग. बघायला येणारे म्हणायचे, "वा, कसा नव्यासारखा दिसतोय!" अहो, कसला नवा? रंगासाठी मला ओढताना झाळलेले सांधे सुटले आणि रंग त्यांत शिरला. माझ्या जाळीचा एक तुकडा दुसऱ्याशी जुळेना. मी आतून सुटा सुटा झालो आणि बाहेरून नवरदेवासारखा मिरवत होतो. शेवटी दार. सारखं उघडा, सारखं लावा, याचा कंटाळा येऊन रेडिओ आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी ते बिजागरीतून काढलं आणि भिंतीला टेकवून त्यावर सूचनांचे कागद टाचायला सुरुवात केली. माझ्या कडांना कोट आणि पिशव्या लटकू लागल्या. मला राग यायचा, पण मला तोंड आहे कुठे?

तुम्ही म्हणाल, मग घूं आत आली असेल. आली तर! धो धो आली. पण आता रेडिओकडे नवा संगणक होता आणि त्यात फिल्टर होते. फिल्टर म्हणजे आवाजाची गाळणी. नको तो आवाज गाळून टाकायचा, हवा तेवढा ठेवायचा. "घूं अडवायची कशाला? येऊ दे की, आपण पुसून टाकू," असं रेडिओ हसत म्हणायचा. आणि रिकामं पाणी ऐकायचा नेम? तोही गेला. इस्पितळातून तुकडा आला की घड्याळ पळू लागतं. चकती काही तासांत मरते. तेवढ्यात पाणी कोण ऐकत बसणार?

एके दिवशी त्या गाळणीतून एक ताल बाहेर आला. पडद्यावर सुंदर, एकसारख्या लाटा. थोडा वेळ उठायच्या, मग विरायच्या, पुन्हा उठायच्या. रेडिओ खुर्चीवरून उडालाच. आजारी मेंदूच्या चकतीत पुन्हा पुन्हा तोच ताल सापडू लागला. रेडिओने मांडलं की, जिथे हा ताल आहे तो भाग फिट सुरू करणारा. निरोगी मेंदूत तो असतो का, हे बघायची सोय नव्हती. चांगल्या डोक्यातला तुकडा कोण देणार? रेडिओने मोठा लेख लिहिला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, खोलीत पुष्पगुच्छ आले आणि तेही माझ्यावरच टांगले गेले.

मग इस्पितळातले डॉक्टर आले. थकलेला, सज्जन माणूस. म्हणाले, "मला रोज एकच प्रश्न पडतो. कुठवर कापायचं? कमी कापलं तर फिट राहते, जास्त कापलं तर माणूस जातो. माणूस म्हणजे त्याचं बोलणं, त्याची आठवण. तुमचा ताल मला काठ दाखवणार असेल, तर मला तो हवाय."

अशी रीत ठरली. डॉक्टर आधी थोडंच कापत आणि जखमेच्या काठावरचा कण आमच्याकडे पाठवत. ताल सापडला तर दोन-तीन दिवसांनी दुसरी शस्त्रक्रिया करून आणखी कापत.

या रीतीने पहिली शस्त्रक्रिया झाली ती घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका काकांची. त्यांच्या काठावर ताल सापडला. डॉक्टरांनी पुढे कापलं. काही दिवसांनी डॉक्टर खोलीत येऊन म्हणाले, "फिट थांबल्या. बोलताना शब्द सापडत नाहीत अजून. येतील हळूहळू." रेडिओने डॉक्टरांचा हात हातात घेतला आणि जोरजोरात हलवला. पण मित्रांनो, काकांचा कण तपासला त्या दिवशी आत किती कल्लोळ होता ते मी बघितलं होतं. लिफ्ट थांबली की धक्का, फ्रीज चालू झाला की धक्का, कोट काढायला कुणी हात घातला की धक्का. एवढ्या गोंगाटात पेशी काय बोलली ते मला तरी कळलं नव्हतं.

आणि मग रेडिओच्या ताईची पाळी आली.

ताई म्हणजे त्याची सख्खी मोठी बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. बोलताना अडखळणाऱ्या, उशिरा बोलायला लागलेल्या मुलांना शब्द शिकवणं हे तिचं काम. तिला लहानपणापासून फिट यायच्या, आणि आता त्या वाढल्या होत्या. शस्त्रक्रियेच्या आधीच्या आठवड्यात ती प्रयोगशाळा बघायला आली. माझ्यावर लटकलेले कोट बघून म्हणाली, "हे काय रे, खुंटाळं का?"

"जुनं आहे ते. जागा अडवून बसलंय," रेडिओ म्हणाला. ऐकून घेतलं मी.

ताईने स्टूल ओढून घेतलं. "मला सरळ सांग. माझी बिघडलेली जागा बोलण्याच्या जागेला लागून आहे. डॉक्टर पुढे कापतील की नाही, ते तुझ्या या पडद्यावर ठरणार?"

"हो. ताल नसेल तर पुढे हातही लावणार नाहीत."

"आणि असेल तर?"

रेडिओ, जो कधी थांबत नसे, तो थांबला. मग म्हणाला, "असेल तर कापावंच लागेल ना, ताई. तू परवा जिन्यात पडलीस. कधीतरी रस्त्यात पडशील. मला झोप लागत नाही गं."

"पडले तर उठते मी," ताई म्हणाली. "आजवर उठत आलेच आहे. पण शब्द गेले, तर उठून करू काय? मुलांसमोर बसून नुसती हसू?" मग त्याचा उतरलेला चेहरा बघून तिनेच त्याच्या डोक्यात टपली मारली. "बरं बरं, रडू नकोस. नीट बघ म्हणजे झालं. माझं डोकं आहे, दुसऱ्याचं असतं तर म्हटलं नसतं."

ती हे थट्टेत म्हणाली. मला मात्र घड्याळवाले काका आठवले आणि फार वाईट वाटलं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी रेडिओने बाईंना फोन करून बोलावून घेतलं. त्याला एकट्याला धीर नव्हता. बाई काठी टेकत आल्या. केस पांढरे, चष्म्याची दोरी मात्र तीच. त्यांच्या आधीच तुकडा आला होता, चकती बशीत होती, आणि पडद्यावर ताल होता. सुंदर, एकसारखा. रेडिओ दोन्ही हात तोंडावर ठेवून पडद्याकडे बघत होता. "आहे," तो म्हणाला. "बाई, ताल आहे. डॉक्टरांना सांगावं लागेल."

बाईंनी पडद्याकडे बघितलंच नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. कोटांकडे, रंगाकडे, रिकाम्या बिजागऱ्यांकडे.

"दार कुठे आहे?"

"बाई, आता त्याची गरज नसते. फिल्टर आहे."

"सकाळी पाणी ऐकलंस?"

"वेळ कुठे होता? ताईचा तुकडा आहे हा, मरायला लागेल..."

"आता ऐक. चकती शेजारच्या भांड्यात ठेव, तिला काही होत नाही. बशीत नुसतं पाणी ठेव."

रेडिओला राग आला होता. त्याने चिमट्याने चकती हलकेच बाजूला ठेवली, बशीत स्वच्छ मिठाचं पाणी घातलं आणि सुई त्यात सोडली. सगळे पडद्याकडे बघत उभे राहिले. थोडा वेळ काहीच नाही. पलीकडे लिफ्ट थांबल्याचा आवाज आला, आणि पडद्यावर लाटा उठल्या. सुंदर, एकसारख्या. विरल्या. फ्रीज घुरघुरला, पुन्हा उठल्या.

बशीत मेंदू नव्हता. मीठ आणि पाणी होतं.

"कसं शक्य आहे?" रेडिओ पुटपुटला. त्याचा आवाज मी ओळखलाच नाही.

बाई स्टुलावर बसल्या. "घंटेवर दगड मार, लाकूड मार, नाद घंटेचाच निघतो ना? तुझी गाळणी एवढी चिंचोळी केलीस की तीच घंटा झाली. लिफ्टचा धक्का आत गेला, की ताल गाळणीचाच निघतो. आजारी तुकडा असो, नाहीतर पाणी असो." त्या रागवून बोलत नव्हत्या. "मेंदूचं तू काही ऐकलंच नाहीस रे."

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. रेडिओने माझ्यावरचे सगळे कोट एका झटक्यात ओढून जमिनीवर टाकले. भिंतीला टेकवलेलं दार ओढून घेतलं, त्यावरचे सूचनांचे कागद टराटरा फाडले. सुरीने माझ्या सांध्यांवरचा रंग खरवडायला लागला. त्याची बोटं कापली, रक्त आलं, तरी थांबेना. बाईंनी नवी तार नळाच्या जाड पाइपापर्यंत नेऊन जमिनीशी माझं नातं पुन्हा जोडून दिलं. दार लावलं. फिल्टर बंद केला. आधी पाणी ऐकलं. किती वर्षांनी, मित्रांनो, माझ्या आत ते बारीक "स्स्स" आलं! मग ताईची चकती बशीत ठेवली.

टक्. टक् टक्. बराच वेळ काही नाही. टक्.

ताल नव्हता. बिघडल्याची काही खूण नव्हती. न बिघडल्याचीही नव्हती. साध्या पेशी साधं बोलत होत्या, आणि त्यावरून कुठवर कापायचं हे कुणालाही सांगता आलं नसतं.

रेडिओने फोन लावला. "डॉक्टर, पुढे कापू नका. आमचा ताल खोटा आहे. तो आमच्या यंत्राचा आहे, मेंदूचा नाही." पलीकडून डॉक्टरांनी विचारलं. आवाज एवढा स्पष्ट होता की मलाही ऐकू आला. "मग त्या घड्याळवाल्यांचं काय?"

रेडिओ भिंतीला टेकत खाली बसला. बाई त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या. त्यांना गुडघ्यांनी बसवत नव्हतं, तरी बसल्या.

ताईचे शब्द वाचले. फिट मात्र गेल्या नाहीत. डोक्याला रुमाल बांधून ती पुन्हा मुलांमध्ये जायला लागली, आणि मध्येच कधीतरी पडते, उठते. रेडिओने आपला लेख चूक असल्याचं जाहीर केलं. टाळ्या वाजवणाऱ्यांनीच मग नावं ठेवली. ते सगळं त्याने मान खाली घालून ऐकलं. पण काकांच्या घरी जाऊन आला, त्या दिवशी तो खोलीत आला आणि काहीच न करता माझ्या जाळीला कपाळ टेकवून उभा राहिला.

थोड्या दिवसांनी काकांची मुलगी काकांना घेऊन खोलीत आली. सोबत ताई होती. आता काका तिच्याकडेच शब्द शिकायला जातात. मुलगी दारातच थांबली. "बाबांचं जिथे ठरलं, ती जागा मला बघायची आहे," ती म्हणाली.

रेडिओने पडदा दाखवला, बशी दाखवली, मला दाखवलं.

"म्हणजे कापायची गरज नव्हती?"

"कदाचित नव्हती," रेडिओ म्हणाला. "त्यांच्या फिट थांबल्या, ते त्यामुळेच की पहिल्याच शस्त्रक्रियेने, हे आता कुणालाच सांगता येणार नाही."

"कदाचित!" मुलगी म्हणाली. "घरी बाबा मला हाक मारायला तोंड उघडतात आणि माझं नाव येत नाही. आणि तुम्ही मला कदाचित सांगताय."

रेडिओने तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली, ती बसली नाही.

काका इकडे तिकडे बघत होते. स्वच्छ सदरा, नीट विंचरलेले केस, बारीक कामाची लांब बोटं. ताई त्यांना हलकेच म्हणाली, "काका, सापडतील तेवढे शब्द सांगायचे." काकांनी खुर्चीला हात लावला. "खु... खुर्ची." दिव्याकडे बोट केलं. "दिवा." मग ते माझ्यासमोर आले. जाळीवरून बोटं फिरवली, दार हलकेच उघडून बघितलं, पुन्हा लावलं. त्यांना मी काय आहे ते ठाऊक होतं. मला त्यांच्या डोळ्यांत ते दिसत होतं. ओठ हलले. काही आलं नाही. कपाळावर घाम आला. मुलीने तोंड फिरवलं.

"पिंजरा," रेडिओ न राहवून म्हणाला. "काका, पिंजरा म्हणतात त्याला."

"तू गप!" ताई एवढ्या जोरात ओरडली की सगळे दचकले. मग तिने आवाज खाली आणला. "त्यांचा शब्द त्यांना शोधू दे. एकदा घाई केलीस तेवढी पुरे."

रेडिओ गप्प झाला. सगळेच गप्प उभे राहिले. काका माझ्याकडे बघत राहिले, ओठ हलवत राहिले. त्यांच्या कानावर शब्द पडला होता, तरी तो त्यांच्या हाती लागत नव्हता. शेवटी त्यांनी माझ्या चौकटीवर दोनदा थोपटलं आणि माझीच माफी मागितल्यासारखं ओशाळं हसले.

मित्रांनो, आता माझे सांधे घट्ट आहेत, तार जोडलेली आहे, रोज सकाळी कुणीतरी माझ्यात रिकामं पाणी ऐकतं. माझी काळजी घ्या, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी वस्तू आहे, माझा रंग खरवडता येतो. पण तुमच्यासमोर कधी एखादा माणूस शब्द शोधत अडला, तर त्याच्या तोंडचा शब्द तुम्ही बोलून टाकू नका. थोडं थांबा. काका दर आठवड्याला येतात आणि माझ्यासमोर उभे राहतात. अजून त्यांना माझं नाव सापडलेलं नाही. रेडिओ तेव्हा बाजूला उभा असतो, आणि एक शब्दही बोलत नाही.